आवाहन : गाडी हवी, निधी हवा, आणि बरी झालेली, बोलणारी माणसं हवीत

सप्रेम नमस्कार.

कर्करोग तपासणीची पुढची फेरी तोंडावर आली आहे. दवाखान्यातल्या तारखा ठरल्या, गाडीचा पत्ता नाही आणि निधीच्या वहीत शिल्लक सांगायला संकोच वाटावा एवढीच आहे. तरी पैशांचं नंतर. ज्यांच्यामुळे इथवर आलो त्यांची आठवण आधी काढायची, ही आपल्या मंडळाची रीत आहे.

पहिल्या वर्षी आपण सगळं पुस्तकाबरहुकूम केलं होतं. तक्ते लावले, भोंगा फिरवला, डॉक्टरांचं व्याख्यान ठेवलं. लोक आले, माना डोलावल्या आणि तपासणीच्या खोलीकडे न बघता घरी गेले. आत सिस्टर, दिवा, ट्रे सगळं तयार आणि बाहेरची बाकं रिकामी. ‘मला काही होत नाही, मग कशाला?’ हे तोंडावर आणि ‘निघालं तर काय करू?’ हे मनात. यातल्या दुसऱ्या प्रश्नाला आमच्या तक्त्यांत उत्तर नव्हतं.

ते दिलं शिवणकाम करणाऱ्या आपल्या काकूंनी. कोणी न सांगता त्या एकदा बाकावर जाऊन बसल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, “मला तरी कुठं काय होत होतं? आकडा भरत नव्हता म्हणून हिनं मला ओढत नेलं.” ओढणारी ती मीच. या तपासणीत गर्भपिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबतात. बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा दिसतो. पांढरं दिसलं म्हणजे कर्करोगच असं नाही, पुष्कळदा काहीच नसतं, पण पुढे तपासावं लागतं. काकूंच्या बाबतीत कर्करोगाच्या आधीची अवस्था निघाली आणि तो भाग जागच्या जागी जाळून टाकला. त्याच संध्याकाळी त्या घरी. काकू म्हणतात, “मला कॅन्सर झालाच नाही, मग मी कसली वाचलेली?” अहो, झाला नाही हीच तर सांगायची गोष्ट! गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग ज्याने होतो त्या एच.पी.व्ही. विषाणूची लागण ते कर्करोग हा प्रवास बहुधा पंधरा-वीस वर्षांचा असतो. एवढा अवधी हाताशी असताना आपण तो दवडतो.

बायका काकूंना जे विचारतात ते डॉक्टरांना कधीच विचारणार नाहीत. दुखलं का? आत कोण होतं, बाई की बाप्या? नवऱ्याला सांगून गेला होतात का? सासू काय म्हणाली? काकू एकेक उत्तर देतात आणि मग म्हणतात, “चल, मी दाराशी उभी राहते.”

मास्तरांना तुम्ही सगळे ओळखताच. निम्म्या गावाने त्यांच्या हातची छडी खाल्ली आहे. जिभेच्या कडेचा चट्टा त्यांनी तंबाखूच्या जोडीने बरेच दिवस सांभाळला. शस्त्रक्रियेत जिभेचा भाग गेला, जीव राहिला. “माझे श आणि स आता एकाच खोलीत राहतात,” असं ते स्वतःच सांगतात आणि तंबाखू मळणारे हसता हसता हात थांबवतात. मग मास्तर छडीच्या सुरात हुकूम सोडतात : आरशासमोर जा, आ करा, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा बघा. दोन आठवड्यांत न भरलेलं तोंडातलं व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, यांतलं काहीही असलं तरी दाखवायचं.

आणि अंगणवाडीताई. छातीतली गाठ दुखत नव्हती म्हणून त्यांनी वर्षभर कोणाला सांगितली नाही. पुढे स्तन काढावा लागला, केमो झाली, केस गेले आणि परत आले. त्या गोड बोलत नाहीत. “मी लपवली म्हणून माझा उपचार लांबला,” एवढंच सरळ सांगतात. मला विचाराल तर आपल्या तिघांत हे सर्वात मोलाचं कथन आहे. नुसत्या सुखान्त गोष्टी ऐकून माणसं टाळ्या वाजवतात. ताईंचं ऐकून उठून आत जातात.

हे निव्वळ आपल्या मंडळाचं कौतुक समजू नका. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथले कार्यकर्ते नोंदी घेत गावोगाव फिरले, लोकांशी लक्षणांबद्दल बोलले, आणि काही वर्षांत गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात सापडू लागला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायकांचा मोठा अभ्यास झाला. त्यात एकदाच एच.पी.व्ही. चाचणीची संधी मिळालेल्या गटात या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. निष्कर्ष २००९ मध्ये छापून आले. तिरुवनंतपुरममध्ये प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नुसतं उजेडात तोंड तपासलं, तर तंबाखू-दारू घेणाऱ्यांमधले मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. म्हणजे साधनं आहेत, खर्चीकही नाहीत. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या शंभरात दोनसुद्धा नव्हत्या. अडलंय ते दाराशी, उंबऱ्याच्या अलीकडे.

आता ऋण. पहिली तीन वर्षं स्वतःची जीप, डिझेल आणि स्वतः चालक म्हणून उभे राहिलेले आपले थोरले सभासद; “नाव छापलंत तर पुढच्या वर्षी येणार नाही,” असा त्यांचा दम आहे, म्हणून नाव लिहीत नाही. निवृत्तीनंतरचं पहिलं पेन्शन पाकिटासकट देणाऱ्या सिस्टर, ज्या आजही रविवारी येतात. तपासणीच्या खोलीचे पडदे फुकट शिवून देणाऱ्या (आणि लांडे झाले म्हणून पुन्हा शिवून देणाऱ्या) अर्थातच काकू. दर वेळी वर्ग रिकामा करून देणारी शाळा. आशाताईंबद्दल काय लिहू? घरोघरच्या याद्या त्यांच्या, मनधरणी त्यांची, आणि फोटोत त्या कायम कडेला.

थोडं मनातलंही लिहिते. गेल्या वर्षीचं आवाहन पुष्कळांनी पुढे पाठवलं. इतक्यांनी, की ते फिरून माझ्याच फोनवर आलं, खाली ‘स्तुत्य उपक्रम’ असं लिहून. देणगी किती आली ते वार्षिक सभेत वाचून दाखवलं होतं, तेव्हा सभागृहात कोण होतं तेही मला आठवतं. ज्यांच्या घरच्या आजारपणात आपलं मंडळ रात्रीबेरात्री धावलं, त्यांच्यापैकी काहींना ‘दोन शब्द बोलाल का’ विचारलं तर “आमच्याकडे तसलं काही झालंच नव्हतं,” असं उत्तर मिळालं. मुलीच्या लग्नाची काळजी असते, लोक नावं ठेवतात, हे मलाही कळतं. त्यांच्यावर राग नाही. पण मागे बाहेरची एक मंडळी मोठा फलक लावून शिबिर करून गेली, नमुने नेले, रिपोर्ट आजतागायत आले नाहीत. आणि दारोदारी त्याचा जाब आम्हाला विचारला जातो, तेव्हा वाईट वाटतं.

म्हणूनच यंदा नियम केला आहे : पुढच्या उपचाराची सोय हाताशी नसेल तर तपासणी घ्यायची नाही. खर्च त्यानेच वाढतो.

काय हवं ते थोडक्यात. वस्त्यांवरून आणण्या-नेण्यासाठी फेरीच्या दिवसांपुरती गाडी, चालकासह. मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागेल त्यांचं भाडं, सोबतीच्या माणसाचं भाडं, दोघांचा बुडालेला रोज. रक्कम कितीही चालेल. खाते क्रमांक सभासद-पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आहे, पावती खजिनदारांकडून मागून घ्या, ते आपणहून देत नाहीत. सोबत जायला बायका हव्यात, महिन्यातून एक दिवस. आणि बोलणारी माणसं. भाषण नको, बाकावर बसून, विचारलं तेवढं सांगायचं. फोटो, रेकॉर्डिंग तुमच्या होकाराशिवाय नाही, मधेच थांबावंसं वाटलं तर थांबायचं. औषधाचा सल्ला मात्र कोणी कोणाला द्यायचा नाही, ते डॉक्टरांचं काम. बायकांपैकी ३० ते ६५ वयाच्या ज्यांची तपासणी झालेली नाही त्यांनी आशाताईंकडे नाव द्यावं. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून रक्त जात असेल किंवा छातीत गाठ लागत असेल तर फेरीची वाट न बघता थेट दवाखाना गाठावा. पुरुषांचं तोंड तपासायला मास्तर आहेतच, म्हणजे रांगेत उभं करायला, तपासतील डॉक्टर.

आपली,
कार्यवाह

ता.क. : खुर्च्या, हार आणि सत्काराच्या शाली कृपया पाठवू नयेत. मागच्या अजून कपाटात आहेत. बॅटरी चालतील.