अंतूरच्या उतारावर आलेल्या दादांना

छत्रपती संभाजीनगर, जानेवारी २०२४

दादा,

सप्रेम नमस्कार. परवा यांचं प्लॅस्टर निघालं. काठी टेकत घरात चार फेऱ्या मारल्या आणि खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "पत्र टाकलंस का?" नाव लिहू नका असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून नुसतं 'दादा' लिहिते. तुमच्याबरोबरचे गुरुजी, गॅरेजवाले, मेडिकलवाले आणि नागापूरकडची ती पोरं, सगळ्यांनीच हे आपल्याला लिहिलंय असं समजावं.

२६ नोव्हेंबरचा रविवार, त्यात त्रिपुरी पौर्णिमा. बेत यांचाच. अंतूर किल्ल्यावरून सूर्यास्त बघायचा आणि चांदण्यात उतरायचं. "टॉर्च कशाला, पौर्णिमा आहे की!" हे वाक्य आता आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. अवकाळीचा इशारा मोबाइलवर आलेला होता. तो शेतकऱ्यांसाठी असतो असं म्हणून आम्ही बोटानं बाजूला सारला. माझं माहेर कापूसवाल्यांचं, तरी मीसुद्धा.

पाचच्या सुमाराला वारा सुटला. मग गारा, मग पाऊस, आणि पाठोपाठ ढग असा खाली बसला की पुढे चालणारी पोरगी दिसेना. वाट सुटली. खंदकाच्या अंगाला घसाऱ्यावर यांचा पाय गेला आणि माणूस दोन पुरुष उंचीइतका खाली. हाड मोडल्याचा आवाज मी वरून ऐकला. माझा भाचा रेंजसाठी वर-खाली करत होता. एका कार्यालयात फोन लागला, तिकडून उत्तर आलं, "अंधार आहे, सकाळी बघू." त्यानंतर फोन लागेचना. एक मेसेज तेवढा त्याच्या पुण्याच्या ट्रेकर मित्राला गेला. तो कुणाकुणाच्या हातून फिरत तुमच्यापर्यंत कन्नडला पोचला, हे मला नंतर कळलं.

तुमचा उलटा मेसेज अजून जपून ठेवलाय. 'जागचे हलू नका. ओले कपडे काढा. अंगाखाली काहीतरी घाला. शिट्टी असेल तर मिनिटात सहा वेळा वाजवा, मग मिनिटभर थांबा, परत वाजवा.' पोरीकडे शाळेच्या गाइडची शिट्टी होती. सॅक रिकाम्या करून अंगाखाली घातल्या. फक्त ओले कपडे काढायचे तेवढे राहिले. असल्या वाऱ्यात कपडे काढा म्हणणाऱ्याला वेड लागलंय असं मला वाटलं. पोरीचा शर्ट बदलला, यांनी मात्र हात लावू दिला नाही.

नऊच्या पुढे यांचं कुडकुडणं थांबलं. "आता थंडी नाही वाजत," म्हणाले. दादा, मला हायसं वाटलं हो. देवाचे आभार मानले मी. कुडकुडतंय तोवर अंग झुंजतंय, आणि गारठलेलं अंग ऊब न मिळता कुडकुडायचं थांबलं तर ते हरत चाललंय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे बर्फ कुठला? पण गारठून जायला बर्फ लागत नाही, ओलं अंग आणि वारा पुरतो, हे तुम्ही नंतर जीपमध्ये सांगितलंत.

साडेदहाला पोरीच्या शिट्टीला उत्तर आलं. तीन वेळा. मग धुक्यात पिवळे ठिपके दिसले. तुम्ही आलात, माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत, गुडघ्यावर बसून यांच्या शर्टाखाली पोटाला हात लावलात आणि विचारलंत, "साहेब, लेकीचं नाव काय?" यांनी स्वतःच्या बहिणीचं नाव सांगितलं. पोरगी शेजारीच उभी होती. तुम्ही मागे वळून हळूच म्हणालात, "घाई करा रे."

कात्रीनं कपडे कापले. कोरडा स्वेटर घातला, तुमच्या डोक्यावरची कानटोपी यांच्या डोक्यावर आली, वरून ती चंदेरी पन्नी. गरम पाण्याच्या बाटल्या रुमालात गुंडाळून काखेत. मी तळवे चोळायला लागले तर तुम्ही माझा हात धरलात. "ताई, चोळू नका. आतून गरम होऊ द्या." गोड पाणीसुद्धा यांनी स्वतः पेला धरल्यावरच दिलंत. तासाभरानं यांचे दात वाजायला लागले आणि तुम्ही चक्क हसलात, "आता कसं! कुडकुडा साहेब, कुडकुडा." तेव्हा तुमचा राग आला होता, खोटं कशाला बोलू.

पुढचं मला तुटक आठवतं. मॅटची गुंडाळी करून पायाला बांधली, वर कुणीतरी दोर कातळाला अडकवला. सहा जण स्ट्रेचर धरायचे, दम लागला की दुसरे सहा. 'एक, दोन, उचल.' संध्याकाळी अर्ध्या तासात चाललेली वाट संपायला तीन वाजून गेले. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रबद्दल, महाबळेश्वर ट्रेकर्सबद्दल पेपरात वाचलेलं होतं. आमच्या मराठवाड्यात, जिथं डोंगर म्हटलं की लोक हसतात, तिथंही अशी माणसं रविवारच्या रात्री दोर घेऊन निघतात, याची कल्पना नव्हती.

आणि खरं तर पत्र लिहितेय ते यासाठी. जीपपाशी तुमचा फोन वाजला. मी शेजारीच होते. तुम्ही विचारलंत, "अंगणातला कापूस झाकला का?" पलीकडचं ऐकलंत, "बरं" म्हणालात, फोन खिशात घातलात आणि मला विचारलंत, "ताई, चहा घेतला का?" भिजलेला कापूस पिवळा पडतो आणि व्यापारी भाव कसा पाडतो, ते मी लहानपणापासून बघितलंय. म्हणजे पाऊस सुरू असताना तुम्ही घरून निघालात ते वेचलेला कापूस तसाच टाकून. नंतर डिझेलचे पैसे द्यायला गेलो तर म्हणालात, दोर-सामान आम्ही वर्गणीतून घेतो, तुमचं काही नको.

मग त्या वर्गणीत दर महिन्याला आमचं नाव लिहा. एवढं तरी नाही म्हणू नका. तुमची कानटोपी आमच्याकडेच राहिली. धुऊन ठेवलीय, कानाशी उसवली होती ती शिवली. संक्रांतीनंतरच्या रविवारी आणून देतो, दिवसाउजेडी. वहिनींना सांगा, स्वयंपाक करू नका, पुरणपोळ्या मी आणते.

तुमची,
ताई