उदबत्ती घेऊन खुराड्यात बसलेल्या काकाजींना

आदरणीय काकाजी,

नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. बचत गटाच्या बायकांनी शाल-श्रीफळाचा विषय काढला तेव्हा तुम्ही अर्धा चहा तसाच ठेवून सायकलवर टांग टाकली होती, ते मी विसरले नाही. पण तुमचा नातू दिवसभर मोबाईल पाहत असतो. त्याच्या नजरेला हे पडलं तर त्यानं तुम्हाला वाचून दाखवावं, म्हणून लिहिते. कानानं कमी येतं म्हणता, तर त्याला ओरडून वाचायला सांगा. गल्लीनंही ऐकू द्या.

मागच्या जूनची गोष्ट. वर्ष झालं, तरी एखादी कोंबडी चोच उघडी टाकून बसलेली दिसली की माझ्या हातातलं काम सुटतं.

आपल्या ब्रह्मपुरीकडचा उन्हाळा मी तुम्हाला काय सांगू. नवतप्यात, म्हणजे मे सरतानाच्या त्या नऊ दिवसांत, पारा ४६ च्या वर. त्या दिवसांत मी एक कोंबडी मरू दिली नव्हती. गोणपाटं ओली करून खुराड्याच्या दाराला आणि झरोक्यांना बांधायची, वाळली की पुन्हा पाणी मारायचं. रोजची १४-१५ अंडी ८-९ वर आली, पण २२ च्या २२ जिवंत. मला वाटलं, जिंकले. मग मृगाची पहिली सर आली. पारा उतरला, गावानं हुश्श केलं, मी धानाचे पऱ्हे टाकायला, म्हणजे रोपं पेरायला, वावरात गेले. संध्याकाळी येऊन पाहते तर दोन कोंबड्या पंख पसरून पडलेल्या. दुसऱ्या दिवशी आणखी चार.

ऊन सरल्यावर मेल्या म्हणजे रोगच, असं जो तो म्हणाला. ज्याच्याकडून तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या कोवळ्या कोंबड्या, घेतल्या होत्या त्यानं सहाव्या वेळी फोन उचलला आणि न पाहताच सांगितलं, मर लागली. ६५० रुपयांच्या दोन बाटल्या पाठवल्या. गुरांच्या दवाखान्यातून निरोप आला, मेलेली एक घेऊन या. आमचे हे गाडीवर १४ किलोमीटर ती पिशवी घेऊन गेले. तिथं जेवणाची सुट्टी. दीड तास पायरीवर बसले, पिशवीवर माशा घोंगावायला लागल्या, तेव्हा कुणीतरी आतूनच म्हटलं की कोंबडीसाठी एवढं काय, दुसऱ्या घ्या. घरी येऊन हे काही बोलले नाहीत. हात धुतले आणि बाजेवर पडले. आणि ज्या साहेबांनी आम्हाला दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं होतं ते फोनवर म्हणाले, ताई, गोणपाटं वाढवा, चारी बाजूंनी लावा, दिवसभर ओली ठेवा. मी वाढवली. माझ्याच हातानं वाढवली, काकाजी. त्याच दिवशी त्या चार गेल्या.

तुम्हाला बोलवायचं सुचवलं ते सासूबाईंनी. गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होते, जनावरांची मलमपट्टी करायचे, रिटायर झाले, पण माणूस येते म्हणाल्या. दुपारी दोनला तुम्ही आले. सायकल कडुनिंबाला टेकवली आणि पाणीसुद्धा न पिता दोन प्रश्न विचारले. कोणत्या टायमाले मेल्या? आणि आधी कोणत्या मेल्या? एवढ्या लोकांशी बोलले होते मी, हे कुणी विचारलं नव्हतं. दुपारनंतर मेल्या. आणि आधी मेल्या त्या सगळ्यात जाड, सगळ्यात जास्त अंडी देणाऱ्या. मान वाकडी नाही, हिरवी हगवण नाही. तुम्ही नुसती मान हलवली, मानमोडीचा रोग नाही म्हणाले.

मग तुम्ही उदबत्ती मागितली.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाल्या, "हे काय करणी पाहून राहिले काय?" मी देवघरातली एक आणून दिली. तुम्ही ती पेटवली, धोतर सावरलं, आणि त्या चार फुटी खुराड्यात वाकून शिरले. गुडघे दुखतात तुमचे, भिंतीला धरून बसले ते मला दिसलं. खाली पातळसर शिटीचा चिखल, वर तापलेला टिना, म्हणजे पत्रा, चारी बाजूंनी माझी ओली गोणपाटं. आणि तुम्ही त्या धापा टाकणाऱ्या कोंबड्यांमध्ये मांडी घालून, हातात उदबत्ती धरून, गप्प. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मी बाहेरून दोनदा म्हटलं, काकाजी, निघा आता. तुम्ही बोटानं थांब म्हणाले.

उदबत्तीचा धूर सरळ दोरीसारखा वर गेला, टिन्याला लागला आणि तिथंच थांबला. इकडे नाही, तिकडे नाही.

बाहेर आले तेव्हा तुमची बंडी पिळून निघावी अशी ओली होती. चष्मा काढून पुसायलाही कोरडं टोक सापडेना. तेव्हा म्हणाले, "बाई, हवाच नाही हालून राहिली ना आत. मले घाम आला तं तो वाळून नाही राहिला. त्याईले तं घामच नाही."

एवढंच. पण मला एका झटक्यात कळलं. मे महिन्यात हवा कोरडी होती, गोणपाटाचं पाणी उडायचं आणि गारवा यायचा. जूनमध्ये मामा तलावाकडून, म्हणजे आपल्या जुन्या मालगुजारी तलावाकडून, आणि भिजलेल्या धानाच्या बांध्यांतून सगळी हवाच ओली झालेली. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात, अंग मुळातच ४१-४२ अंशांचं असतं. तिचा गारवा धाप टाकण्यातून येतो, घशातली ओल उडते त्यातून. बाहेरची हवा आधीच भिजलेली असेल तर ती ओल उडणार कुठं? आणि मी तिला वरून ओल्या कापडात गुंडाळून ठेवलं होतं. जाड कोंबडी आधी का गेली तेही कळलं. अंगात चरबी, पोटात अंडं, दिवसभर खाल्लेल्या दाण्याची उष्णता, आणि निघायला वाट नाही.

गोणपाटं तुम्ही स्वतः ओढून काढली. एक फाडलंच. बाकी काय काय केलं ते इथं लिहीत बसत नाही, ज्याला पाहिजे त्यानं घरी येऊन पाहावं. दोन भिंती गुडघाभर ठेवून वर जाळी लावली, टिन्यावर धानाची तणीस पसरली, दाणा पहाटे पाचला आणि मग थेट सांजेला, प्लास्टिकच्या भांड्याऐवजी माठाचं बूड. त्या संध्याकाळी आणखी एक गेलीच. ती तुम्ही आले तेव्हाच मान टाकून होती. पंधरा उरल्या. त्यानंतर आजपर्यंत उकाड्यानं एकही नाही.

भिंती पाडताना मला रडू आलं हे तुम्हाला दिसलं असेल, पण तुम्ही काही म्हटलं नाही. गटाच्या कर्जातून १२ हजार लावून बांधलं होतं ते पक्कं खुराडं. मुंगसाच्या, रानमांजराच्या भीतीनं चारी बाजूंनी विटा. गावात पहिलं पक्कं माझं, म्हणून मिरवलं पण होतं. प्रशिक्षणात दिलेल्या पुस्तकात तसंच चित्र होतं. चित्र कोणत्या मुलखातलं होतं देव जाणे, चित्रात मागं हिरवे डोंगर होते. सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, आमच्या कोंबड्या आंब्यावर बसत होत्या. मी हसले होते.

मेल्या त्या सातही ग्रामप्रिया. माझ्या १८ होत्या. हैदराबादच्या संशोधन संस्थेत तयार झालेली ती जात, अंड्याला चांगली, दोष तिचा नाही. सासूबाईंच्या चार गावठी मात्र खुराड्यात शिरल्याच नाहीत, घरामागच्या सांदवाडीतल्या पेरूवर झोपल्या आणि चारही वाचल्या. त्यातली ती बोडक्या मानेची, जिला मी कुरूप म्हणायची, ती तर भर दुपारी मातीत लोळून अंगावर धूळ घेत होती. तुम्ही तिच्याकडे पाहून म्हणाले होते, "हे हुशार आहे. आंगावरचे कपडे आधीच कमी करून आली."

अंडी लगेच नाही परतली. तीन आठवडे रोज तीन-चार, आणि तीही पापुद्र्याची, हातात धरली की दबत. तुम्ही तलावाचे शिंपले कुटून ठेवायला सांगितले. पोरांनी टोपलंभर आणले. माझी मोठी बारावीला आहे, तिनं मग मला कारण सांगितलं. धाप टाकली की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्ताचा तोल बिघडतो, आणि कवच तर कॅल्शियम कार्बोनेटचंच. म्हणजे माझ्या कोंबड्यांनी अंड्याची कवचं तोंडावाटे उडवून टाकली. मी म्हटलं, तुझ्या पुस्तकात हे होतं तर आधी का नाही बोललीस? ती म्हणाली, आई, पुस्तकात कोंबडी नव्हती.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, त्याचं मला फार नवल नाही. पैसे न घेणारी माणसं आपल्याकडे अजून सापडतात. नवल त्या दहा मिनिटांचं आहे. त्या खुराड्यासमोर त्याआधी बरीच माणसं उभी राहिली होती. कर्ज देताना आले, उद्घाटनाला आले, फोटोला आले. मला मधोमध उभं केलं, हातात कोंबडी दिली, डोक्यावरचा पदर नीट करायला सांगितला. त्यातलं एकही माणूस वाकलं नाही. वाकून आत पाहिलं असतं तर नाकाला जी वाफ लागली असती, तीच पुरी होती. आम्हीही नाही वाकलो म्हणा. मी रोज हात घालून अंडी काढायची, पण दुपारी दोनला आत बसून पाहावं हे माझ्याही डोक्यात आलं नाही. सत्तरीच्या माणसाला ते सुचलं, ज्याला गुडघे वाकवताना तोंडातून कळ निघत होती. दवाखान्यात तुम्ही इतकी वर्षं होते, तुमच्या हाताखालून कितीतरी गाई-म्हशी गेल्या असतील. सात कोंबड्यांसाठी कोण असं बसतं?

आमच्या ह्यांनी त्या दिवसानंतर एकच गोष्ट सुरू केली आहे. दुपारी जेवून उठले की खुराड्यात जाऊन एक बिडी होईपर्यंत बसतात. बिडी पेटवत नाहीत, तणशीची भीती. नुसते बसतात. परवा मला म्हणाले, आज आत बरं वाटून राहिलं.

आता एक विचारायचं राहिलं. पोळ्यानंतर मी आठ ग्रामप्रिया नव्या आणल्या, आता २३ आहेत. आजही अंडी १३ निघाली, मृग लागायला चार दिवस असताना. पण जाळीच्या खालच्या बाजूनं मुंगसानं माती उकरायला सुरुवात केली आहे, दोनदा पाहिलं. हे म्हणतात, खाली दोन थर विटांचे आणखी चढवू. मी नाही म्हणते, खालचीच हवा अडेल. सासूबाई म्हणतात, काकाजींना विचारा. तुम्ही या, बसून पाहा आणि काय ते सांगा. दुपारचं ऊन टाळून या मात्र. गुळाचा चहा करीन, आणि तो या वेळेस पूर्ण प्यायचा.

सासूबाईंनी देवघरात उदबत्तीचा एक पुडा वेगळा काढून ठेवला आहे. देवाला लावू देत नाहीत. काकाजींचा आहे म्हणतात.

तुमची,
कडुनिंबाच्या घरची सून