‘तुमच्या घरी असं आहे का?’ हा प्रश्न भर वर्गात नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या मराठी विभागाने यंदा दहा शनिवार एक वर्ग चालवला. विषय होता ‘साहित्य, सामाजिक न्याय आणि भावनिक स्वास्थ्य’. बाहेरच्यांनाही बसायची मुभा होती, म्हणून मी नाव घातलं आणि नऊ तास बसले. वर्ग चांगला झाला, पुढच्या वर्षीही व्हावा. पण एका गोष्टीकडे लक्ष दिलं नाही, तर ज्यांच्यासाठी तो आहे त्याच मुली गळतील, या काळजीने हे पत्र लिहिते आहे.

पहिला तास चोखोबांचा. मंगळवेढं आपल्या जिल्ह्यातलं, पंढरपूर आपल्या जिल्ह्यातलं. तरी गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले आणि त्यांची समाधी महाद्वारासमोर, देवळाबाहेरच आहे, हे वर्गातल्या कितीतरी मुलांना ठाऊक नव्हतं. सरांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले. १३३८, चोखोबा गेले ते साल. १९४७, साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं आणि विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडलं ते साल. मग म्हणाले, वजाबाकी करा. सहाशे नऊ. मागच्या बाकावरची चुळबुळ थांबली. ‘एवढी वर्षं दाराबाहेर उभं राहिलेल्या माणसाच्या पोटात काय चाललं असेल, ते अभंगात कुठे सापडतं बघा,’ एवढंच सांगून ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मी शाळेत अभंग पाठ केले, अर्थही पाठ केले, पण असं कुणी शोधायला लावलं नव्हतं.

चौथ्या शनिवारी मुक्ता साळवेंचा निबंध होता. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी, १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात तिचं लिखाण छापून आलं. सरांनी दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीला मोठ्याने वाचायला उभं केलं. माझ्या शेजारचीच ती. उजव्या तर्जनीच्या कडेला कात्रीचा घट्टा आणि नखांच्या कडा तंबाखूने पिवळ्या. तेंदूची पानं कापणाऱ्याचं बोट मला लांबूनही ओळखू येतं. आमची आई विड्या वळायची, सूप मांडीवर घेऊन शाळेनंतर मीही वळल्या आहेत. बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नाही, थंडीवाऱ्यात तिचे हाल होतात, या जागी ती पोरगी वाचता वाचता थांबली. बोट ओळीवर तसंच. सरांनी अगदी मायेने विचारलं, ‘का गं, तुमच्या घरी असं आहे का?’

पन्नास माना वळल्या. ती ‘आहे’ म्हणाली आणि खाली बसली. पुढचे दोन शनिवार ती आलीच नाही.

सरांचा हेतू वाईट नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. पण मला माझी आठवी आठवली. फी माफीचे फॉर्म वाटायच्या दिवशी आमच्या शाळेत बाई म्हणायच्या, ‘विडीवाल्यांची पोरं उभी राहा.’ आम्ही उभं राहायचो. फी माफ व्हायची. पण त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी डबा उघडत नसे, आणि हे मी आईला कधीच सांगितलं नाही. आज साठी जवळ आली तरी ‘उभी राहा’ हे शब्द कानावर पडले की छातीत धस्स होतं. दुःखाचा धडा शिकवताना ते दुःख ज्याच्या घरचं आहे तो समोर बसलेला असतो. त्याला उदाहरण म्हणून उभं केलं की धड्यातला अन्याय वर्गात पुन्हा एकदा होतो.

मी तास सुटल्यावर सरांना हे बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही, याचं मला फार कौतुक वाटलं. सातव्या शनिवारपासून वाचून झालं की दहा मिनिटं ज्याने त्याने वहीत लिहायचं, वही कुणी मागायची नाही, मोठ्याने वाचायला ज्याला वाटेल त्यानेच उठायचं, असं ठरलं. त्या शनिवारी ती मुलगीही परत आली. तिने आपण होऊन मला वही दाखवली. आईची वाक्यं तेलुगूत, पण लिहिलेली देवनागरीत. ‘अक्का, अम्मा मराठीत असं बोलतच नाही,’ म्हणाली. आपल्या पूर्व भागात किती घरांत मन तेलुगूत मोकळं होतं! कुठे कानडीत, कुठे उर्दूत. भावनिक स्वास्थ्य म्हणायचं असेल तर त्या भाषेला वहीत जागा हवी. परीक्षेच्या कागदात मात्र तेच, ‘पाच मुद्दे लिहा’.

आठव्या तासाला बाहेरून एक वक्ते आले होते. दीर्घ श्वास घ्या, झालं गेलं विसरा, सकारात्मक राहा. श्वासाचा उपयोग होतो, झोप येत नसली की मीही करते. पण अपमान झालेल्या मुलीला ‘विसरा’ सांगणं मला पटलं नाही. राग येणं हे मन जिवंत असल्याचं लक्षण आहे. मुक्ता साळवेंनी झालं गेलं विसरायचं ठरवलं असतं तर तो निबंध लिहिलाच गेला नसता. रागाचं लिखाण कसं होतं, हे शिकवायलाच तर साहित्याचा वर्ग असतो.

वर्गाच्या दारावर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावला होता, ते चांगलंच केलं. पण फोन करायला घरात कोपरा लागतो, आणि एका खोलीत सहा माणसं असली की तो मिळत नाही. तासानंतर अर्धा तास समुपदेशक बाई वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसल्या, तर मुली आपसूक जातील. संस्थाचालकांनी एवढी सोय करावी. आणि वर्गाला पैसे नाहीत म्हणून तो बंद करू नये, तशी कुजबुज माझ्या कानावर आली आहे.

पुढच्या तुकडीत मी पुन्हा नाव घालणार आहे. शेजारची सूनही येते म्हणते. सातवी शिकली आहे, वाचते छान. फक्त वेळ दुपारी दोनची ठेवावी आणि चारला सोडावं. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड, तेही संध्याकाळी, आणि पाण्याच्या दिवशी बाईला घराबाहेर राहता येत नाही.

आपली,
एक निवृत्त लिपिक, अशोक चौक परिसर, सोलापूर