पोस्टर नको, वही तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रॉडक्ट डिझाइन आणि यूएक्स (म्हणजे अ‍ॅप किंवा वस्तू वापरणाऱ्याला येणारा अनुभव) शिकवणारे क्लास आणि पदविका पुण्यात वाढत आहेत, हे चांगलेच आहे. पण तिथून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या पोर्टफोलिओत ‘यूजर रिसर्च’चे, म्हणजे वापरणाऱ्यांच्या अभ्यासाचे, पान हटकून एकाच छापाचे असते. गूगल फॉर्ममधले रंगीत गोल तक्ते आणि शेजारी ‘रोहन, वय २८, आयटी इंजिनिअर, कॉफीची आवड’ असे न भेटलेल्या माणसाचे पोस्टर. फॉर्म मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरवलेला असतो. चाळीस जणांनी ‘हो, असे अ‍ॅप आवडेल’ म्हटले की संशोधन आटोपले.

‘आवडेल का?’ असे कुणी तोंडावर विचारले की आपल्याकडे सहसा नाही म्हणत नाहीत. एवढी धडपडणारी पोरगी, कशाला तिचा हिरमोड करा! ‘तुम्ही साधारणतः काय करता?’ हा प्रश्नही फसवा आहे, कारण उत्तरात माणूस आपण कसे वागायला हवे ते सांगतो. विचारावे ते मागच्या खेपेबद्दल. समजा पैसे पाठवायचे अ‍ॅप असेल तर: ‘पैसे शेवटचे कधी अडकले होते? आधी कुणाला फोन केलात? मोबाइलवर दाखवता का?’ तासाभराला असे आठ-दहा प्रश्न पुरतात. उत्तर संपले असे वाटले तरी मनात पाच अंक मोजावेत. कामाचे बोलणे पुष्कळदा त्यानंतर येते. नवशिक्यांना ही शांतता सोसत नाही. ते स्वतःच उत्तर सुचवतात आणि समोरचा ‘हो, तसंच’ म्हणून मोकळा होतो.

शिवाय नुसते विचारून भागत नाही. मंडईतल्या भाजीवाल्या मावशींना ‘पैसे आले हे कसे कळते?’ असे विचारले तर त्या ‘मोबाइलवर’ म्हणतील. गर्दीच्या वेळी गाळ्याशेजारी उभे राहा: हात तराजूवर, नजर पुढच्या गिऱ्हाइकावर आणि कान साउंडबॉक्सकडे. मोबाइल पिशवीतून बाहेरही निघत नाही. अशा वेळी पडद्यावरची सूचना कितीही देखणी केली तरी ती पाहणार कोण? म्हणून बघायला गर्दीत जावे आणि बोलायला दुपारी, काम सैल झाल्यावर. दोघांनी जावे, एकाने बोलावे, एकाने लिहावे. रेकॉर्डिंग करायचे तर ते कशासाठी, कोण ऐकणार आणि कधी पुसणार हे आधी मराठीत सांगून परवानगी घ्यावी. वैयक्तिक विदेच्या (डेटाच्या) संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, पण निव्वळ सभ्यता म्हणूनही हे करायला हवे. आणि रिक्षावाल्या काकांचा तासभर घेतला तर त्या तासाचे पैसे द्यावेत.

माणसे किती, यावर ‘पाच पुरेत’ हे ठरलेले उत्तर मिळते. ते नील्सन आणि लँडावर या वापरसुलभतेच्या अभ्यासकांच्या १९९३ च्या मांडणीतून आले आहे. एक वापरकर्ता सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो, म्हणून पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात, असा तो हिशेब. पण तो तयार पडद्यावरच्या अडचणी शोधण्याचा आहे, माणसांची कामाची रीत समजून घेण्याचा नाही. मुलाखतींसाठी प्रत्येक प्रकारच्या वापरकर्त्यांतून सहा ते आठ जणांपासून सुरुवात करावी आणि नवे काही ऐकू येईनासे झाले की थांबावे. निवड वयावरून नको, वागण्यावरून हवी: रोज यूपीआय वापरणारे, मुलाकडून करून घेणारे, एकदा फसल्यावर सोडून दिलेले. शेवटचा गट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भेटत नाही आणि बहुतेक वेळा शिकवतो तोच.

सगळ्यात जास्त नासाडी होते ती टिपणे इंग्रजीत उतरवताना. ‘पैसे कटले पण गेले नाहीत’ या वाक्याचे ‘पेमेंट फेल्युअर’ केले की कटणे आणि जाणे यांतली मधली भीती गळून पडते. डिझाइन करायचे असते ते नेमके तिचे. म्हणून बोललेले वाक्य जसेच्या तसे, त्याच दिवशी लिहावे. पाहिलेले, ऐकलेले आणि आपला तर्क यांसाठी तीन वेगळे रकाने ठेवावेत. मग एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहून चिठ्ठ्या भिंतीवर लावाव्यात, जवळच्या जवळ सरकवाव्यात आणि मथळे शेवटी द्यावेत. जिरो कावाकिता या जपानी मानववंशशास्त्रज्ञाची ही पद्धत. मथळे आधी ठरवले तर चिठ्ठ्या निमूटपणे त्यांखाली जाऊन बसतात आणि आपल्याला आधीच ठाऊक होते तेवढेच पुन्हा कळते. आठ मुलाखतींवरून टक्केवारी मात्र काढू नये. ‘७५ टक्के वापरकर्ते’ म्हणजे सहा माणसे!

हे शिकायला पुण्याबाहेर जावे लागत नाही. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९३९ पासून डेक्कन कॉलेजात होत्या, विद्यापीठात मानवशास्त्राचा विभाग आहे. क्षेत्रकार्याची टिपणे कशी ठेवायची हे तिथली माणसे सांगू शकतील. डिझाइनच्या शिक्षकांनी त्यांना वर्षातून दोन दिवस तरी बोलवावे. आणि गुण देताना पोस्टर बाजूला ठेवून मुलांची कच्ची वही मागावी: तारीख, जागा, किती वेळ थांबलात, कोणती वाक्ये जशीच्या तशी आहेत. वही नसेल तर त्या पानाला शून्य गुण द्यावेत.

आपला,
एक यूएक्स रिसर्चर, कर्वेनगर, पुणे