चार्ज कॉन्फरन्स आणि क्लास मीटिंग: सर्व सभासदांसाठी सूचना

मंडळीतील सर्व बंधू-भगिनींना प्रभूच्या नावाने सलाम.

येत्या रविवारी उपासना संपताच चार्ज कॉन्फरन्स, म्हणजे मंडळीच्या कारभाराची वार्षिक सभा, आहे. अध्यक्षस्थानी डिस्ट्रिक्ट सुपरिटेंडेंट (आपल्या विभागातील मंडळ्यांवर देखरेख करणारे पाळक) असतील, त्यामुळे आशीर्वचनानंतर दारात गप्पा मारत न थांबता जागेवरच बसावे. हिशेब आणि पदाधिकाऱ्यांची निवड लवकर उरकेल. वेळ जाणार तो सभासद-नोंदवहीवर. लग्न होऊन किंवा नोकरीसाठी बाहेरगावी गेलेल्यांची नावे अजून तशीच आहेत. घरच्यांशी बोलल्याशिवाय कोणाचेही नाव काढणार नाही, तेव्हा माहिती आधीच द्यावी.

पाळकसाहेबांच्या बदलीची चर्चा फारच रंगली आहे. नेमणूक बिशप करतात आणि ती वार्षिक कॉन्फरन्समध्ये जाहीर होते. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या काळापासून मेथडिस्ट प्रचारक फिरतेच आहेत. सह्यांचे कागद फिरवू नका. काही म्हणायचे असेल तर कमिटीपुढे म्हणा, ती त्यासाठीच आहे.

घरोघरच्या क्लास मीटिंग, म्हणजे सभासदांच्या लहान गटांच्या बैठका, पुन्हा सुरू होत आहेत. 1742 मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे प्रार्थनागृहाचे कर्ज फेडायला प्रत्येक सभासदाकडून आठवड्याला एक पेनी घ्यायचे ठरले, त्यातून ही पद्धत निघाली. पैसे गोळा करायला जाणारा गटाचा पुढारी विचारपूसही करू लागला, आणि पुढे तेच मुख्य काम झाले. आपण वर्गणी घेणार नाही, विचारपूस मात्र हवी. एका गटात साधारण बारा जण. पहिल्या बैठका आजारी व वृद्ध सभासदांच्या घरी. नावे शनिवारपर्यंत सेक्रेटरींकडे द्यावीत.