मामाजी, तुमच्या ‘मंग?’साठी

मामाजींना सप्रेम नमस्कार.

मोबाइलवरची अक्षरं तुम्हाला चष्म्यातूनही दिसत नाहीत, म्हणून हे पत्र मामी वाचून दाखवतील. वाचता वाचता त्या दम घ्यायला थांबल्या की तुम्ही ‘मंग?’ म्हणालच. मला आभार मानायचे आहेत ते त्या ‘मंग?’चेच.

कथा छापून यायला लागल्यापासून लोक विचारतात, कोणाचं वाचून लिहायला लागलात? मी दोन-चार पुस्तकांची नावं सांगते, आणि ती काही खोटी नसतात. पण आमच्या घरात पुस्तकं फार उशिरा आली. त्याच्या कितीतरी आधी तुमची जागल होती.

दिवाळीच्या सुट्टीत दारव्ह्याकडे आलो की रात्री तुमच्यामागे वावरात यायचा आमचा हट्ट असायचा. चार बल्ल्यांवर बांधलेला माळा, त्यावर कडबा अंथरलेला, एक कंदील आणि रानडुकरं हाकलायला तेलाचा रिकामा डबा. तुम्ही गोष्ट सांगायचे, आम्ही हुंकारा द्यायचा. हुंकारा थांबला की गोष्टही थांबायची. एखाद्याला डुलकी लागली की तुम्ही डबा बडवायचे, ज्वारीत डुक्कर असो की नसो! झोप उडाली की गोष्ट पुढं. कुठं थांबलं म्हणजे ऐकणारा उठून बसतो, हे मी त्या माळ्यावर शिकले. पुढं कोणत्याही शिबिरात कोणी ते इतकं नीट सांगितलं नाही.

शकुंतला रेल्वेच्या गोष्टी तर किती! मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, रुळांची रुंदी जेमतेम अडीच फूट, आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणे वाटेत कोणाची शेळी रुळावर बसली तर तीही वेळापत्रकात धरलेली. १९९४ साली वाफेचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं, तेव्हा ‘गाडी मुकी झाली’ म्हणून तुम्ही हळहळले होते. आता तर गाडीच बंद आहे. तुमच्या गोष्टीत मात्र ती दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनच्या फलाटावर अजूनही उशिरानंच येते.

गाडगेबाबांची गोष्ट वेगळी. कीर्तनाआधी हातात खराटा घेऊन गाव झाडणारे बाबा तुम्ही इतके रंगवून सांगायचे, आणि मग एकदम थांबून म्हणायचे, “मी नाई पाह्यलं हो. आमच्या बाबानं पाह्यलं. खराटा कोणत्या हातात होता, ते मले नाई सांगता येत.” तेव्हा हसू यायचं. पुढं कॉलेजात लीळाचरित्राबद्दल शिकले, तेव्हा तुम्हीच आठवले. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्याच्या त्याच्याकडून ऐकून गोळा करणारे म्हाइंभट तेराव्या शतकातले, आणि ते काम झालं आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. आपल्या मुलखात लिहिणाऱ्यानं आधी ऐकत बसायचं असतं, हा माझा हट्ट तिथूनच पक्का झाला. मैत्रिणींना तो जरा जास्तच वाटतो. वाटू दे.

कापसाचा चुकारा मिळाला त्या वर्षी मामीच्या लुगड्याबरोबर माझ्यासाठी दारव्ह्याहून जाड पुठ्ठ्याच्या वह्या आल्या होत्या. पैसे कुठून काढले, ते तेव्हा विचारायचं सुचलं नाही. पहिल्या कथा मासिकांकडून साभार परत आल्या, तेव्हा मी लिहिणं सोडते म्हणाले. कापसाच्या सरकारी एकाधिकार खरेदीच्या काळात संकलन केंद्रावर बंडी घेऊन रात्र-रात्र रांगेत बसलेला माणूस तुम्ही. शांतपणे म्हणाले, “ग्रेडरनं कापूस नाकारला म्हणून कोणी पराटी उपटते काय वं?” आणि लगेच विचारलं, “बरं, त्या गोष्टीतल्या सुनेचं काय झालं मंग?”

मला ‘छान लिहितेस’ म्हणणारे पुष्कळ भेटले, त्यांचंही बरं वाटतंच. पण ‘छान’ म्हटल्यावर माणूस चहा पिऊन निघून जातो. तुम्ही कधी छान म्हणाले नाहीत. सुनेचं काय झालं ते तुम्हाला खरंच पाहिजे होतं, म्हणून मला ती कथा पुरी करावी लागली.

आता फोनवर कथा वाचून दाखवते तेव्हाही तुमचं तेच. मागच्या कथेला तुम्ही पार आडवं लावलं. “गोष्टीत बैल हाय, त्याले नाव काऊन नाई? बिननावाचा बैल कोणाच्या गोठ्यात असते, सांग बरं!” मी कागद काढला आणि बैलाचं नाव ढवळ्या ठेवलं. तेवढ्यानं त्याच्या मालकाचं बोलणंच बदललं. ज्या पानावर मी महिनाभर अडले होते, ते सरळ पुढं गेलं.

याबद्दल मनापासून आभार. तोंडावर म्हटलं असतं तर तुम्ही “चाल, मोठी आली” म्हणून उठून गोठ्याकडे गेले असते, म्हणून लिहून पाठवते.

दिवाळीला येतेच आहे. मामी, पानगे आणि वांग्याची भाजी करा, बाकी काही नको. आणि मामाजी, शकुंतलेचा ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून बिडी पेटवायला तुमच्या धुऱ्यावर यायचा, हे खरं की तुमच्या पदरचं, ते एकदाचं सांगून टाका. नाही सांगितलं तरी मी ते लिहिणारच आहे. फक्त ‘मामाजीनं सांगतलं’ असं आधी लिहीन.

तुमची भाची