ओ-यू-जी-एचवाले शब्द

प्रिय मंदार,

परवा फोनवर तू म्हणालास ना की ईशाला टफ, थ्रू, दो, बॉट यांची स्पेलिंगं शिकवताना डोक्याचं पार दही झालं, तेव्हापासून तुला सविस्तर लिहायचं मनात होतं. त्यांच्यातली ओ-यू-जी-एच ही अक्षरं उगाच घुसडलेली नाहीयेत रे. तो जी-एच एकेकाळी खरंच बोलला जायचा, घशातून, आपला ख जरा खरखरीत काढला की येतो तसा. जर्मन लोक अजूनही नाख्ट, टॉख्टर म्हणतात, तेच इंग्रजीतले नाइट आणि डॉटर, आणि आपल्या संस्कृतातले नक्त आणि दुहिता पण त्याच घराण्यातले. पूर्वी या आवाजाला योघ नावाचं वेगळं अक्षर होतं, ३ सारखं दिसणारं, मग लेखनिक त्याजागी जी-एच लिहायला लागले, १४७६ला कॅक्स्टन नावाच्या मुद्रकाने लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि हळूहळू स्पेलिंगं गोठली. उच्चार मात्र बदलतच राहिला, कुठे तो आवाज गळाला, कुठे त्याचा फ झाला.

पण खरी मजा मागे पडलेल्या ओ-यू-जी-एचवाल्या शब्दांत आहे. क्लफ म्हणजे उत्तर इंग्लंडमधली डोंगरातली अरुंद घळ, आपण ट्रेकवाले नाळ म्हणतो ना साधारण तसलीच, आणि १९३२ला जमीनदारांची बंदी मोडून किंडर स्काउट या पठारावर चढलेले कामगार विल्यम क्लफ नावाच्या घळीतूनच वर गेले होते. चफ हा कावळ्याच्या कुळातला पक्षी, काळाभोर, चोच आणि पाय लालभडक, इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉल परगण्याच्या चिन्हावर आहे. तिथला शेवटचा १९७३ला गेला आणि २००१मध्ये चफ आपणहून परत आले, कोणी आणून सोडले नाहीत. मला हे वाचून फार बरं वाटलं. लडाखला पण दिसतो हा.

आणि माझा सगळ्यात आवडता शब्द सफ. झाडातून वारा वाहतो त्या आवाजालाही हेच स्पेलिंग आहे, पण मी म्हणतोय तो इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यातल्या शिशाच्या खाणीतला. खाणीत पाणी भरायचं, उपसणार किती, मग खाली दरीच्या बाजूने किंचित चढता बोगदा खणत खाणीपर्यंत न्यायचे म्हणजे पाणी आपोआप वाहून जायचं, पंप नको काही नको, त्या बोगद्याला म्हणायचे सफ. १७७१ला रिचर्ड आर्कराइट या उद्योजकाने तिथल्याच क्रॉमफर्ड गावी सूतगिरणी काढली तिची चाकं अशाच एका सफच्या पाण्यावर फिरायची, जमिनीच्या पोटातलं पाणी असल्यामुळे ते हिवाळ्यातही गोठायचं नाही. एवढी मोठी गोष्ट आणि शब्द मात्र आता खाणींच्या इतिहासात रमणाऱ्यांनाच माहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून ईशाला प्लीज 'इंग्लिश येडी भाषा आहे' असं सांगू नकोस, तिला आधी तो घशातला ख काढून दाखव, पोरांना आवडतं. आणि मॅपवर लफबरा (Loughborough) नावाचं गाव शोधायला दे, त्या एका नावात ओ-यू-जी-एच दोनदा येतं आणि दोन्ही वेळा उच्चार वेगळा. स्पेलिंग बघून ती आधी काय वाचते ते मला नक्की कळव.

तुझा,
अव्या